माझ्या मायनं मला उपाशी ठेवलं नव्हतं

"चढव हिले काट्यावर," मालक बाबांना म्हणाला.

हिले म्हणजे मला. तेरा वर्षांची होते मी. नागपूरच्या इतवारीत मालकाचं धान्याचं मोठं दुकान होतं आणि माझे बाबा तिथं मापारी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर टाकायचा, लोखंडी वजनं चढवायची, काटा स्थिर झाला की वजन मोठ्यानं पुकारायचं. मुनीम ऐकून लिहायचा. बाबांचा आवाज त्या गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. मला त्याचा अभिमान होता. शाळा सुटली की मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन जायचे.

त्या दिवशी तुरीच्या गाड्या लागल्या होत्या. गादीवर पाच-सहा व्यापारी चहा पीत बसले होते. मालकाचं जेवण झालेलं. त्याला गंमत पाहिजे होती.

"काहून रे मापारी, पोरगी तुही काय?"

"हो जी."

"बाप्पा! हे तं भरलं पोतंच हाय. चढव, पाहू भरते किती."

बाबा उभेच राहिले. मला वाटलं, ते नाही म्हणतील. त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, खाली ठेवला, आणि मला काखेत धरून पारड्यात बसवलं. पारडं तुरीच्या मातीनं माखलेलं. माझा शाळेचा निळा परकर मातीत गेला. मी साखळ्या धरल्या. समोरच्या पारड्यात बाबा वजनं ठेवू लागले. एक ठेवलं. माझं पारडं हललं नाही. दुसरं ठेवलं. व्यापारी ओरडू लागले. "अजून टाक! अजून!" हमाल पोती पाठीवर घेऊन थांबले. मालवाले शेतकरी थांबले. सगळे बघत होते.

काटा थांबला. बाबांनी आकडा पुकारला. रोज पुकारायचे तसा. त्याच आवाजात.

तो आकडा मी इथं लिहिणार नाही. तो पुष्कळांनी ऐकला आहे.

"मापारी," मालक म्हणाला, "तुह्या घरी येवढं खायले येते कुठून गा? माहीच तूर दिसते हिच्या अंगात."

सगळे पुन्हा हसले. त्या हसण्यात एक आवाज माझ्या ओळखीचा होता. मी वळून पाहिलं. बाबा हसत होते.

घरी आले. मायनं भाकर आणि आंबाडीची भाजी वाढली. मी भाकर तोडली. घास तोंडात घातला. गिळता येईना. तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. ही भाकर आपली नाही, असं काहीतरी मनात आलं. ही कोणाची तरी आहे आणि आपल्या अंगावर ती दिसते. लोकांना दिसते. मी मोरीत जाऊन घास थुंकला. माय म्हणाली, "पोट दुखते काय वं?" मी हो म्हटलं.

ते पहिलं खोटं.

दुसऱ्या दिवसापासून डबा पोचवायला मी गेले नाही. मायला सांगितलं, अभ्यास आहे. काट्याचं तिला सांगितलं नाही. बाबांनीही सांगितलं नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता घरात वावरू लागलो.

मग मी सोमवार धरला. मायला आनंद झाला. पोरीला देवाचं वेड लागलं. मग गुरुवार. मग शनिवार. चतुर्थी, एकादशी. मोठ्या बायांना झेपत नाहीत तेवढे उपास मी धरले. उपास म्हटलं की कोणी आग्रह करत नाही, हे मला लवकर कळलं. उलट पाया पडतात. गल्लीतल्या बाया मायला म्हणायच्या, "नशीबवान आहेस वं, अशी पोरगी भेटली." ज्या दिवशी उपास नसायचा त्या दिवशी मी खोटं बोलायचे. मैत्रिणीकडे खाल्लं. शाळेत वाटलं होतं. मला आता देवाची शपथ घेऊन खोटं बोलता येत होतं, आणि देवासाठीच उपाशी आहे असंही सांगता येत होतं.

अंग उतरलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "आता कशी नीटस दिसतेस." वर्गातल्या पोरी मला जागा देऊ लागल्या. बाबांच्या दुकानातल्या मुनीमानं रस्त्यात पाहिलं, तो म्हणाला, "आता वाटते पोरीसारखी." मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. राग आला नाही. मी खूश झाले. घरी जाऊन रात्रीची भाकरही सोडली.

लोकांना वाटतं, भूक मरते. भूक मरत नाही. भूक चोवीस तास बोलत असते. मी भूगोलाचा तास ऐकत नव्हते, वरण-भाताचा विचार करत होते. दुसऱ्यांच्या खिडकीतून फोडणीचा वास आला की थांबून उभी राहायचे. एकदा घरी कोणी नव्हतं. मी टोपल्यातल्या सगळ्या भाकरी उभ्यानं खाल्ल्या, कोरड्या, चोरासारख्या, दाराकडे बघत. मग मोरीत सगळं ओकून टाकलं आणि तिथंच ओल्या फरशीवर पडून रडले. मायला सांगितलं, मांजर शिरलं होतं. माय भाकरींकरता काही बोलली नाही. मांजराला बोलली.

पुढच्या वर्षी केस जाऊ लागले. विंचरले की मुठीत यायचे. पाळी बंद झाली. मायनं एक दिवस मला कोपऱ्यात घेतलं आणि अगदी हळू विचारलं, "काही झालं तं नाही ना वं बाई? मले सांग. मी मारनार नाही." तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. मी नाही म्हटलं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि देवाचे आभार मानले. एवढ्यावर ती आभार मानत होती. वैशाख होता, नागपूरचा वैशाख, पत्रे तापून वाजायचे, आणि मी गोधडी घेऊन उन्हात बसायचे. मला थंडी वाजायची.

मायबद्दल सांगायला पाहिजे. भिवापूरकडची आम्ही माणसं. तिकडचं थोडं शेत चुलत्यांकडे राहिलं आणि बाबा शहरात आले. माय मिरची खुडायला जायची. लाल मिरचीचे ढीग घातलेले असतात, त्याच्या भोवती बाया बसतात आणि दिवसभर एकेका मिरचीचं देठ तोडतात. बोटांची आग आग होते. डोळ्याला हात लावायची सोय नाही. घरी आली की ती बोटांना तेल चोळायची आणि तरी तिच्या हातचा घास तिखट लागायचा. म्हणून लहानपणापासून तिनं मला कधी हातानं भरवलं नाही. चमच्यानं भरवायची. आणि खोकायची. तो खोकला मिरचीचा आहे, सगळ्या बायांना असतो, असं आम्ही समजायचो. घरात दोन माणसं माझ्या ताटाकडे बघत होती. मायकडे कोणी बघत नव्हतं.

शाळेत प्रार्थनेला मी चक्कर येऊन पडले. मायनं मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. भरती करून घेतलं.

सकाळी मोठे डॉक्टर आले. मागे दहा-बारा शिकाऊ डॉक्टर, पांढरे कोट. त्यांनी माझा झगा वर केला, बरगड्या दाखवल्या. दंड दोन बोटांत धरून दाखवला. मला कोणी काही विचारलं नाही. मायला विचारलं.

"हिला घरी जेवायला देता की नाही?"

"देतो जी."

"मग ही अशी कशी? मुलांना घालत असाल हिच्या वाटचं."

"पोरगं नाही जी मले. हे एकच आहे."

कोणीतरी हसलं. डॉक्टर कोटवाल्यांकडे वळले. "यांच्यात हे असंच. उपासमार. लिहून घ्या."

मागे एक शिकाऊ मुलगी उभी होती. चष्म्याची. ती हळूच कुठल्याशा आजाराचं इंग्रजी नाव बोलली.

"ते बंगल्यातल्या मुलींना होतं," डॉक्टर म्हणाले. "ह्यांना अन्न मिळालं की ह्या बऱ्या होतात." मग पुन्हा मायकडे बोट केलं. "पोरगी मेली असती तर तुला तुरुंगात टाकलं असतं. समजलं?"

मायनं हात जोडले. तिची बोटं लाल होती, सुजलेली. "चुकलं जी," ती म्हणाली.

काय चुकलं होतं तिचं? ती अर्धी भाकर खाऊन दीड माझ्याकडे सरकवत होती. मी खाटेवर जागी होते. मला सगळं ऐकू येत होतं. तीन शब्द बोलायचे होते. माय देते जी. एवढं बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, मग तू काहून खात नाही? आणि मग त्यांनी मला खायला लावलं असतं. म्हणून मी डोळे मिटले.

मी गप्प राहिले. दुकानात माझं जे झालं ते दुसऱ्यांनी केलं. हे मी केलं.

दुपारी ती चष्म्याची मुलगी एकटी परत आली. स्टुलावर बसली. माझ्या दंडाला हात लावला नाही.

"भूक लागते का तुला?" तिनं विचारलं.

दोन वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. खा, असं सगळे म्हणाले होते. मी मान हलवली. हो.

"पण खाता येत नाही."

मी रडू लागले. ती म्हणाली, "हा आजार आहे. त्याला नाव आहे. तू नाटक करत नाहीस. तुझ्या आईचाही दोष नाही. कोणी तुला काही बोललं होतं का?"

मी सांगितलं नाही. पण तिचं बोलणं लक्षात ठेवलं. ती रोज दुपारी यायची, दुधाची वाटी घेऊन. अर्धा-अर्धा तास एका वाटीला. कधी घाई केली नाही. महिन्याभरात मी चालू लागले. मग तिची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली, आणि मला घरी सोडलं.

आमच्या आधी बातमी घरी पोचली होती. शेजारच्या खाटेवरची बाई आमच्याच वस्तीतल्या कोणाची तरी नणंद निघाली. "मापाऱ्याची बायको पोरीले उपाशी ठेवते. डॉक्टरनं तुरुंगात टाकतो म्हटलं." ज्या बाया मायला नशीबवान म्हणत होत्या त्याच. मिरचीच्या ढिगाभोवती तिच्या शेजारी कोणी बसेना.

तेव्हा मायनं एक केलं. ती माझं ताट घेऊन बाहेर येऊ लागली. उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर, सगळ्या गल्लीसमोर मला बसवायची आणि चमच्यानं भरवायची. "खा वं माय," ती मोठ्यानं म्हणायची. "खा. पाहून राहिले लोकं. एक घास खा." लोकांनी बघावं म्हणून. ती पोरीला जेवू घालते हे दिसावं म्हणून.

आणि मला चारचौघांसमोर तोंड उघडता येत नव्हतं. लोक बघताहेत म्हटलं की दातखीळ बसायची. मी तोंड फिरवायचे. चमचा गालाला लागायचा, वरण गळ्यावरून ओघळायचं. समोरच्या दारातल्या बाया बघायच्या. माय पदरानं माझा गळा पुसायची आणि पुन्हा चमचा भरायची. आत गेल्यावर, दार लोटल्यावर, मी थोडं खायचे. ते गल्लीला दिसायचं नाही.

दोन वर्षांनी माय गेली. खोकल्यात रक्त आलं तेव्हा आम्ही तिच्याकडे बघितलं. फार उशीर झाला होता. शेवटच्या आठवड्यात मी तिच्याजवळ बसून होते. सांगायचं होतं. काट्याचं, हसण्याचं, दवाखान्यात मी जागी होते त्याचं. आज सांगू, उद्या सांगू. ती गेली तेव्हा तिची समजूत काय होती, मला माहीत नाही. बहुतेक हीच असेल की आपल्या हाताला काही गुण नव्हता. पोरीला आपल्या हातचं गोड लागलं नाही.

मॅट्रिक झाले. टायपिंग शिकले. एकविसाव्या वर्षी पाहुणे बघायला आले. कळमेश्वरचे. मुलगा कारखान्यात होता. सोबत त्याचा काका आणि आत्या. मी पोहे दिले. बसले. आत्यानं मला चालायला लावलं, हात बघितले, वेणी बघितली.

"बारीकच आहे बा पोरगी," ती म्हणाली. "बाळंतपन झेपनार काय?"

बाबा म्हणाले, "आता बरी आहे जी तब्येत."

"आम्ही ऐकलं होतं सगळं. हिची माय हिले उपाशी ठेवत होती म्हने. तेव्हाचीच कसर राहिली." मग ती माझ्याकडे बघून मायेनं हसली. "आमच्या घरी तसं नाही बरं. आम्ही सुनेले पोटभर देतो."

बाबांनी मान खाली घातली.

दवाखान्यातली खाट आठवली. तेव्हाचे तीन शब्द गळ्यात तसेच अडकलेले होते, सहा वर्षं.

"माय देत होती," मी म्हटलं.

"काय म्हटलं?"

"माय देत होती. मी खात नव्हती. तिनं मले एक दिवस उपाशी नाही ठेवलं. ती स्वतः अर्धपोटी राहून मले देत होती. मीच खोटं बोलत होती, अन् दवाखान्यात माह्यासमोर तिले बोलले तं मी गप्प बसली." आवाज फाटला, तरी थांबले नाही. "मी तेरा वर्षांची असताना मले धान्याच्या काट्यावर तोललं. दहा लोकं हसले. तवापासून मले गिळता येत नाही. आजही तुमच्यासमोर हे पोहे मले खाता येनार नाही. हा आजार हाय. त्याले नाव हाय. पन माह्या मायचं नाव त्याच्यात घेऊ नका."

मुलानं घड्याळाकडे बघितलं. काकानं बशी खाली ठेवली. आत्या बाबांना म्हणाली, "पोरगी डोक्यानं बरी आहे ना?" आणि ते उठले.

दार लागल्यावर घरात बाबा आणि मी. आठ वर्षांनी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"बाबा, तुम्ही काहून हसले?"

त्यांनी पोह्यांच्या बश्या एकात एक ठेवल्या. मग म्हणाले, "मालकानं विचारलं, माही तूर काय म्हनून. हसलो तं ते गमतीवर गेलं. नसतो हसलो, तं चोरी झाली असती. घरझडती घेतली असती त्यानं."

"मायले सांगितलं होतं तुम्ही?"

"नाही." त्यांनी डोळ्यांवर हात धरला. "काय सांगू तिले? माह्या हातानं तोललं म्हनून सांगू?"

म्हणजे तिला कोणीच सांगितलं नाही. मालकानं हसून माझ्यावर टाकलं, आणि आम्ही बापलेकीनं गप्प राहून ते तिच्यावर टाकलं. ती ते घेऊन गेली.

बाबांना मी माफ केलं का? लोक विचारतात. मला ठाऊक नाही. त्यांना भाकर मी शेवटपर्यंत करून घातली. त्यांचं भय मला कळलं. भय कळलं म्हणून ते हसणं कानातून जात नाही.

मी बरी झाले नाही. बरी होते, पुन्हा बिघडते. कचेरीत सगळे डबे उघडतात तेव्हा मी माझा डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसते. पण खाते. न चुकता खाते. साहेबानं एकदा विचारलं, "भिंतीशी काय बोलता बाई?" मी म्हटलं, "जेवते."

आता माझ्या घरासमोर एका मोठ्या अधिकाऱ्याचा बंगला आहे. त्यांची मुलगी कॉलेजात जाते. दोन महिने झाले, संध्याकाळी गच्चीवर चकरा मारते. थांबतच नाही. मनगटं बांगडीत दोनदा मावतील अशी झाली आहेत. परवा हळदीकुंकवाला बाया तिचं कौतुक करत होत्या. किती नेमानं उपास करते, किती शेलाटी झाली. तिची आई हसत होती आणि तिचे डोळे घाबरलेले होते. मी तिला बाजूला घेतलं.

"तुमची पोरगी आजारी आहे. तुमचा काही दोष नाही. तिचाही नाही. तिला डॉक्टरकडे न्या. मी सोबत येते."

तिनं हात सोडवून घेतला. "आमच्या घरच्या गोष्टीत तुम्ही पडू नका."

"पडणार," मी म्हटलं.

काल गेले तेव्हा नोकरानं फाटकातूनच परत पाठवलं. आज मुलगी गच्चीवरून माझ्याकडे बघत होती. उद्या पुन्हा जाणार आहे. हाकलतील, तर परवा जाईन. डोक्यानं बरी नाही म्हणतील, ते मी ऐकलेलं आहे. मी एकदा डोळे मिटून पडून राहिले होते. आता कोणाच्या फाटकावर, कोणाच्या खाटेपाशी, मी गप्प बसणार नाही.